उंबराचें फूल कोणीं पाहिलें?

(बोरगांव मेघे येथें शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)

क्वचित् दिसणाऱ्या माणसास आपण ‘उंबराचें फूल’ म्हणतों. पण कोंवळें उंबर चिरून पाहा. आंत शेंकडों बारीक फुलें आहेत! तेथें मधमाशी शिरत नाहीं. चपट्या डोक्याची केंबऱ्याची मादीच त्या अरुंद तोंडांतून घुसते; घुसतांना बहुधा तिचे पंख तुटतात. ती फुलांना पराग लावते, कांहीं फुलांत अंडीं घालते व तेथेंच मरते. तिच्या लेकी नवा पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. केंबऱ्याविना उंबरास बीं नाहीं, उंबराविना केंबऱ्यास घर नाहीं. कोट्यवधि वर्षें दोघांनीं एकमेकांस घडविलें. वड, पिंपळ, उंबर ह्यांच्या कुळांत ७०० हून अधिक जाती. बहुतेकींचें केंबरें निराळें, जसें कुलूप तशी किल्ली.

बांधवहो, ही मादी एकदोन दिवसच जगते. तेवढ्यांत तिला योग्य वेळीं फळलेलें दुसरें झाड गांठावें लागतें. नाल्याकांठचीं उंबरें एकेक करून तोडलीं, तर ती कोठें जाईल? कपाशीवरचा विषारी फवारा वाऱ्यानें तिकडे गेला, तरी ती मरेल. मग जुनीं झाडें उभीं राहतील, पण त्यांच्या बियांतून नवें उगवणार नाहीं. म्हणून बांधावरचें उंबर राखा, आणि वारा पडल्यावरच फवारा.