खाऱ्या शेताला आधी निचरा हवा



११ मार्च २०११ च्या त्सुनामीने जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरची सुमारे २३,६०० हेक्टर शेतजमीन बुडवली. त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या मियागी प्रांतातली. सेंदाईच्या सपाट मैदानातली भातखाचरं त्यात मोठ्या संख्येनं होती. पाणी ओसरलं तेव्हा खाचरांत मोटारी होत्या, घरांचे वासे होते, काचा, वाळू आणि समुद्रतळाचा काळा गाळ होता. मीठ नजरेला पडलं ते जमीन वाळल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, गोडं पाणी भरा, मीठ विरघळू द्या, पाणी सोडून द्या. कृती बरोबर आहे. पण सोडायचं कुठे? हे मैदान इतकं सखल, की एरवीसुद्धा शेतातलं पाणी पंपांनी उपसून समुद्रात टाकावं लागे. ते पंप लाटेनं मोडले, कालवे बुजले, आणि भूकंपात किनाराच खचला. ओशिका द्वीपकल्प तर सव्वा मीटरच्या आसपास खाली गेलं. म्हणून माझं म्हणणं असं, की अशा वेळी मृदाशास्त्रज्ञाच्या आधी निचऱ्याचा अभियंता बोलवावा. पंप सुरू होईपर्यंत बाकी सगळी हुशारी कागदावरच राहते.

पाणी वाहतं झालं तरी एक मेख उरते. समुद्राच्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतं. नुसतं गोडं पाणी फिरवलं तर सुटं मीठ जातं, सोडियम राहतं. मग कण फुगतात, विखुरतात, मातीतली छिद्रं बंद होतात आणि पुढचं पाणी झिरपतच नाही. तिथे कॅल्शियम लागतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणावरून उठवतं, मग ते पाण्याबरोबर बाहेर जातं. शिवाय समुद्रतळाच्या गाळात गंधकाची खनिजं असतात. उघड्या हवेत त्यांचं आम्ल होतं. त्यामुळे फक्त क्षार मोजून भागत नाही, सामूही तपासावा लागतो.

सगळ्यांनी भातच धरला असंही नाही. भातापेक्षा कापूस खारटपणा बराच जास्त सोसतो, म्हणून सेंदाईच्या आराहामात आणि शेजारच्या नातोरीत त्याच वर्षी कापूस पेरला गेला. स्ट्रॉबेरीचं मात्र उलट. तिला जरासं मीठही चालत नाही. वातारी आणि यामामोतो ही तिची गावं. तिथे भूजलही खारावलेलं, तेव्हा लागवड मातीतून उचलून हरितगृहातल्या उंच वाफ्यांवर नेली.

तमिळनाडूतल्या नागपट्टिनमची गोष्ट वेगळी. २६ डिसेंबर २००४ ची लाट ओसरल्यावर शेतकऱ्यांनी गाळ खरवडला, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून जमिनीत गाडला, आणि २००५ च्या ईशान्य मोसमी पावसानं धुण्याचं बरंचसं काम फुकटात केलं. आपल्या रायगडच्या खारभूमीतला शेतकरीही पहिल्या पावसावरच भिस्त ठेवतो. पण त्याच्या हातात बांध आणि उघाडी असते. भरतीला ती बंद, ओहोटीला खुली. सेंदाईत पावसाच्या पाण्यालाही पंपाचीच वाट पाहावी लागली.

मीठ गेलं, भात पुन्हा उभा राहिला. पण दुरुस्तीच्या निमित्तानं सेंदाईच्या पूर्व भागात लहान खाचरांचे बांध काढून मोठी खाचरं केली गेली. ट्रॅक्टर, लावणीयंत्र, घर, सगळं वाहून गेलेल्या बऱ्याच वयस्क शेतकऱ्यांनी नव्यानं कर्ज काढण्यापेक्षा जमीन शेती कंपन्यांना कसायला दिली. जमीन सुधारण्याच्या हिशेबात ही माणसं कुठल्या रकान्यात धरायची, हे मला अजून कुठल्याच अहवालात नीट मांडलेलं दिसलेलं नाही.