नानांचे स्मारक आणि आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



नामदार जगन्नाथ शंकरशेट यांच्या स्मारकाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आपल्या दैवज्ञ कुटुंबांत नानांचे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. म्हणून त्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा माझा मानस नाही. त्यांचा पुतळा आपणांस काय सांगतो, एवढाच आज विचार करू.

मुंबईचा टाऊन हॉल १८३३ साली बांधून पुरा झाला. तेथे, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, एल्फिन्स्टन, माल्कम आदी गव्हर्नरांच्या पुतळ्यांच्या पंगतीला सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले नाना संगमरवरात विराजमान आहेत. गव्हर्नरांच्या पाठीशी राजसत्ता होती. नानांच्या पाठीशी काय होते? वडील शंकरशेट १८२२ साली निवर्तले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या या तरुणाच्या हाती मोठी पेढी व अपार संपत्ती आली. परंतु संपत्ती पुष्कळांपाशी असते. तिच्यामुळे कोणाचे पुतळे उभे राहत नाहीत.

नानांनी ती संपत्ती आणि स्वतःचे वजन या नगरीच्या कामी खर्ची घातले. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळांचे ते आधारस्तंभ होते. मुलींना शिकविणे हाच अधर्म, असे लोक मानीत, त्या काळी, १८४९ च्या सुमारास, त्यांनी कन्याशाळेला आपल्या गिरगावातील आवारात जागा दिली. १८५२ साली बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. त्या लोहमार्गाच्या उभारणीसाठी झटणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

यांतील एकही कार्य त्यांनी केवळ ज्ञातीपुरते केले नाही. आगगाडी काय सोनाराचे मूल पाहून थांबते? म्हणूनच त्यांचा पुतळा ज्ञातिगृहात नव्हे, तर नगराच्या सभागृहात उभा आहे. आपण अभिमानाने ‘आमचे नाना’ म्हणतो, आणि म्हणावेही. परंतु नानांना ‘आमचे’ म्हणण्याचा हक्क साऱ्या मुंबईला आहे, हीच त्यांची खरी थोरवी होय.

त्यांचे दुसरे स्मारक दगडाचे नाही. प्रवेशपरीक्षेत, म्हणजे मॅट्रिक्युलेशनमध्ये, संस्कृत विषयात सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्वी मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आपण जाणता. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुख यांनी मिळविली. ते पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. शिष्यवृत्तीने त्यांची बुद्धी पाहिली, ज्ञात पाहिली नाही.

आता थोडे स्पष्ट बोलतो. ज्येष्ठांनी राग मानू नये. आपला विद्यार्थी-साहाय्यक निधी नियमाने केवळ ज्ञातीतील मुलांसाठी आहे. तो तसाच राहू द्यावा. ज्यांनी तो पै पै करून जमविला, त्यांचा हेतू आपण मोडू नये. परंतु नानांच्या जयंतीला आपण मंडप, हारतुरे व भोजन यांवर जो खर्च करतो, त्यात काटकसर करून एक स्वतंत्र शिष्यवृत्ती ठेवता येणार नाही काय? ती कोणत्याही ज्ञातीच्या, धर्माच्या गरजू व हुशार मुलास वा मुलीस मिळावी.

कोणी म्हणेल, ‘घरची मुले अडली असता बाहेर दान कशाला?’ शंका रास्त आहे. म्हणूनच मी घरच्या ताटातील घास मागत नाही, हारातील फुले मागतो. तीही जड वाटत असतील, तर पुतळ्यापुढे मान लवविताना आपण नेमके कोणाला वंदन करतो, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, अशी अध्यक्षमहाराजांना नम्र विनंती करतो.