उडीनंतरचा गुडघा

उडी मारून खाली येताना तुमच्या मुलीचा गुडघा एकदा नीट बघा. तो आत झुकतोय का? तिथेच धोका असतो. नॉर्वेत ऑस्लोच्या क्रीडा-दुखापत संशोधन केंद्रात तॉरब्यॉर्न सोलिगार्ड आणि सहकाऱ्यांनी 13 ते 17 वर्षांच्या 1,892 फुटबॉलपटू मुलींचा अभ्यास केला. काही क्लबांनी सरावाआधी 20 मिनिटांचा खास वॉर्म-अप घेतला: धावणं, तोल सांभाळणं, मांडीचे व्यायाम आणि गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून उतरणं. 2008 मध्ये निष्कर्ष आले. हा वॉर्म-अप घेणाऱ्या मुलींच्या गंभीर दुखापती इतर मुलींच्या तुलनेत जवळपास निम्म्या होत्या.

पण मला खरं मोल वाटतं ते पुढच्या कामाचं. संशोधन नियतकालिकात पडून राहिलं नाही. ‘स्काडेफ्री’, म्हणजे दुखापतमुक्त, या संकेतस्थळावर केंद्राने असे व्यायाम चित्रफितींसह सर्वांसाठी खुले केले. पुढे ‘गेट सेट’ हे मोफत ॲपही आलं. शास्त्रज्ञाची भाषा थेट मैदानावरच्या प्रशिक्षकाला कळू लागली.

कबड्डी, खो-खो शिकवणाऱ्या गुरुजनांनो, मैदानाला दोन फेऱ्या मारून थांबू नका. मुलांना उडीनंतर नीट उतरायलाही शिकवा.