दोन तासांत कोसळलेले पोलाद



अग्निसुरक्षेची ही परिषद मुंबईत भरते आहे, याला अर्थ आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस शहर विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रात जे घडले, ते मात्र त्या पुराखाली झाकले गेले. २७ जुलैला ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थ या समुद्रातल्या तेलफलाटाच्या गॅसवाहिनीवर आदळले. गॅस पेटला आणि जेमतेम दोन तासांत अख्खा पोलादी फलाट कोसळला. २२ जणांचा बळी गेला.

पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात, कोसळायला मात्र तेवढे लागत नाहीत. ५५० ते ६०० अंशांच्या आसपासच त्याची निम्मी ताकद जाते. म्हणूनच पोलादावर अग्निरोधक लेप देतात. तेलाच्या आगीपुढे हा लेप टिकतो का, हे पाहायला चाचणीची भट्टी पाचच मिनिटांत ११०० अंशांच्या जवळ नेतात. प्रत्यक्षातली आगही तेवढीच घाई करते.

टेक्सासमधल्या सनरेजवळच्या मॅककी रिफायनरीत १६ फेब्रुवारी २००७ रोजी याचा पुरावाच मिळाला. वापरात नसलेल्या पाइपात साचलेले पाणी थंडीने गोठले होते, त्याने पाइप तडकला. प्रोपेन सुटून पेटला. पाइप रॅकचे लेप नसलेले खांब वाकले, वरच्या वाहिन्या तुटल्या आणि त्यांतल्या तेलाने आग आणखी भडकली. लेप दिलेले खांब उभे राहिले.

लेप काँक्रीटचा असेल, वर्मिक्युलाइटचा असेल किंवा आच लागताच फुलक्यासारखा फुगणारा इपॉक्सीचा. तो वेळ मिळवून देतो: झडपा बंद करायला, माणसे बाहेर काढायला. बारीक ब्रेसिंग जाड खांबाआधी तापते, म्हणून त्याला लेप अधिक जाड लागतो. साइटवर नेमके उलटे घडलेले दिसते. शिवाय भेगेतून पाणी शिरले की पोलाद आतल्या आत गंजते आणि वरून सगळे ठाकठीक भासते.

दुपारच्या सत्रात प्रतिनिधींनी आपापल्या कारखान्यातल्या फुटक्या लेपांचे फोटो, नावे न घेता, पडद्यावर दाखवायचे आहेत. पहिला फोटो स्वागताध्यक्षांच्याच कारखान्यातला आहे. केबल ट्रेच्या क्लॅम्पसाठी छिन्नीने फोडलेला हातभर लेप दोन शटडाउन झाले तरी भरला गेला नव्हता, आणि त्याच खांबावरून एलपीजीची वाहिनी जात होती.