होमी भाभा : विश्वकिरणांपासून कोबाल्टपर्यंत

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने केंब्रिजहून अभियंता होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची इच्छा. १९३० मध्ये भाभांनी यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात पार पाडली आणि मग ते गणिताकडे व भौतिकीकडे वळले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांमुळे कसे विखुरतात याचे त्यांनी केलेले गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९३८ मधले त्यांचे एक छोटे टिपण मात्र चरित्रांतून घाईघाईत उरकले जाते. विश्वकिरणांमध्ये इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट जड असा कण तेव्हा नुकताच सापडला होता. हा कण टिकाऊ नसावा, किरणोत्सर्गी अणूप्रमाणे तो आपोआप मोडत असावा आणि त्यातून इलेक्ट्रॉन निघत असावा, असे भाभांनी मांडले. हा कण प्रचंड वेगात असेल, तर सापेक्षता सिद्धांतानुसार जमिनीवरून पाहणाऱ्याला त्याचे आयुष्य लांबलेले दिसले पाहिजे, हेही त्यांनी दाखवून दिले. रोसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेत वेगवेगळ्या उंचीवर असे कण मोजले, तेव्हा १९४१ मध्ये त्याचा पडताळा आला.

१९३९ मध्ये सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे इथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवर काम सुरू केले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून संशोधनसंस्थेसाठी मदत मागितली. अणुशक्तीपासून वीज निघू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिरोशिमा तेव्हा जवळजवळ दीड वर्ष दूर होते. त्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला, १९५४ मध्ये ट्रॉम्बेचे केंद्र.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनचे, बाकी बांधणी इथली. पुढच्याच वर्षी प्रशिक्षणशाळा निघाली. विज्ञान-अभियांत्रिकीचे निवडक विद्यार्थी घ्यायचे, वर्षभर शिकवायचे आणि मग अणुऊर्जा खात्यातच काम द्यायचे, ही पद्धत अजून चालू आहे. आज पदवी घेणाऱ्यांपैकी जे भौतिकीत पुढे शिकतील, त्यांनाही ती वाट खुली आहे.

भाभांची विजेची योजना तीन टप्प्यांची होती आणि तिचा शेवट थोरियमवर होणार होता. तो टप्पा अजून यायचा आहे. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. त्या मानाने, जोडकाम वाटणारी किरणोत्सर्गी समस्थानिके लोकांपर्यंत लवकर पोचली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात भाभा गेले. पुढे ट्रॉम्बेत किरणांच्या साहाय्याने भुईमुगाचे वाण तयार झाले. टीएजी-२४ हा त्यातला शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा.

कोकणाशी या विद्येचा संबंध जुळला तो हापूसमुळे. फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्या धास्तीने अमेरिकेने भारतीय आंब्याला दार बंद ठेवले होते. २००७ मध्ये ते उघडले, मुख्य अट अशी : फळाला किमान ४०० ग्रे गॅमा किरणांची मात्रा. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राने लासलगावला उभारलेल्या प्रकल्पात हे काम सुरू झाले. किरणांमुळे किडीची वाढ आणि प्रजनन थांबते. आंबा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, कारण या किरणांची ऊर्जा त्यासाठी पुरेशी नसते. किरण येतात कोबाल्ट-६० मधून. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉन शोषून तो तयार होतो. भारतात हे काम मुख्यतः राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत चालते. कोबाल्ट-६० ची तीव्रता सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून प्रकल्पातल्या कोबाल्टच्या कांड्यांत वेळोवेळी नव्यांची भर घालावी लागते.