घरी शिवलेली मुखपट्टी : मोल आणि मर्यादा



१३ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने मुखपट्टीचा समावेश जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत केला. धान्य, औषधे यांच्या पंक्तीत चेहऱ्यावर बांधायची एक पट्टी येऊन बसावी, इतका तिचा तुटवडा त्या दिवसांत निर्माण झाला होता. औषधांच्या दुकानांतून ती दिसेनाशी झाली होती आणि रुग्णशय्येशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना, परिचारिकांना तिची नितांत गरज होती. अशा वेळी त्याच महिन्याच्या अखेरीस प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरच्या घरी मुखपट्टी शिवण्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची केली. गावोगावच्या बचत गटांतील भगिनींनी शिवणयंत्रे पुढे ओढली. घरात कापडी पट्टी शिवली गेली, म्हणून कारखान्यातील पट्टी रुग्णालयाच्या वाट्याला आली. कापडी मुखपट्टीचे हे पहिले आणि निर्विवाद मोल होय.

नाकातोंडावर वस्त्र बांधण्याची कल्पना आपल्या भूमीला नवी नाही. स्थानकवासी आणि तेरापंथी जैन साधु-साध्वी अहिंसेच्या भावनेने मुखवस्त्रिका धारण करतात. आपल्या श्वासाने दुसऱ्या जिवाला इजा होऊ नये, हा त्यामागील विचार. आधुनिक वैद्यकात १८९७ च्या सुमारास ब्रेस्लाऊचे शल्यविशारद मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापड बांधण्यास प्रारंभ केला, तोही रुग्णाच्या जखमेत आपल्या तोंडातील तुषार पडू नयेत म्हणून. पुढे १९१० च्या हिवाळ्यात मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापड आणि कापूस यांची साधी मुखपट्टी सर्वांना बांधायला लावली. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी तो सल्ला मानला नाही. रुग्णांना तपासताना त्यांना लागण झाली आणि जानेवारी १९११ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्या साथीने सुमारे साठ हजार बळी घेतले.

मुखपट्टीचे कार्य समजून घेतले, तर ती शिवताना हात चुकत नाही. बोलताना, खोकताना, शिंकताना तोंडातून तुषार उडतात. त्यांतील मोठे तुषार कापडाच्या घट्ट विणीत अडकतात. म्हणून कापड सुती, घट्ट विणीचे हवे. ते दिव्यासमोर धरून पाहावे. प्रकाश जितका कमी झिरपेल तितके कापड योग्य. प्रथम ते उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून उन्हात वाळवावे, म्हणजे आटायचे तेवढे आधीच आटते. प्रौढांसाठी नऊ इंच बाय सात इंच आणि मुलांसाठी सात इंच बाय पाच इंच असे तुकडे कापून किमान दोन, शक्य तर तीन पदर घ्यावेत. प्रौढांच्या पट्टीत सात इंचांच्या दोन्ही कडांवर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या तीन चुण्या घालाव्यात आणि पट्टी बांधल्यावर त्यांची तोंडे खाली राहतील असे पाहावे. दोन्ही कडांवर सुमारे चाळीस इंचांची एकेक नाडी अशी शिवावी, की तिची टोके वर आणि खाली मोकळी सुटतील. वरची टोके कानांच्या वरून डोक्यामागे, खालची मानेमागे बांधावीत. चष्म्यावर वाफ धरली, तर पट्टी नाकाशी सैल आहे असे समजावे.

प्रत्येकाजवळ किमान दोन पट्ट्या असाव्यात. ओली झालेली पट्टी तत्काळ बदलावी. रोज साबण आणि गरम पाण्याने धुऊन ती कडक उन्हात वाळवावी. एकाची पट्टी दुसऱ्याने वापरू नये आणि दोन वर्षांखालील बाळाच्या तोंडावर ती कदापि बांधू नये.

परंतु ज्या वस्तूचे मोल सांगायचे, तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. व्हिएतनाममधील हनोई येथील रुग्णालयांतून झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय मुखपट्टी वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांपेक्षा कापडी पट्टी वापरणाऱ्यांत फ्लूसदृश आजार अधिक आढळला. २०२१ मध्ये बांगलादेशातील सहाशे गावांच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेच्या मुखपट्ट्या वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारा संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटला; कापडी पट्ट्यांच्या गावांत तसा ठोस निष्कर्ष निघाला नाही. म्हणून रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने घरच्या पट्टीवर विसंबून राहू नये.

याहून मोठा धोका खडीच्या यंत्राजवळ आणि दगडाच्या खाणीत आहे. तेथील श्रमिक तोंडाला फडके बांधून स्वतःला सुरक्षित समजतो. दगडाची अतिसूक्ष्म धूळ त्या फडक्यातून आत जाते आणि फुफ्फुसे कायमची निकामी करते. त्याला योग्य प्रतीचे श्वसनरक्षक साधन देणे आणि पाणी मारून धूळ बसवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तेथे कापडी पट्टी वाटून सेवा घडल्याचे समाधान मानणे ही त्या श्रमिकाची फसवणूक ठरेल.

मग या पट्टीचे स्थान कोणते? २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातील मुखपट्टीची सक्ती संपली. सक्ती संपली, तरी सौजन्य संपण्याचे कारण नाही. घरात सर्दी-खोकला झालेल्याने वृद्ध आजीजवळ जाताना पट्टी बांधावी; भरलेल्या एसटीत खोकणाऱ्याने शेजाऱ्याचा विचार करावा. वैद्यकीय पट्टी हाताशी असेल तर ती अधिक चांगली. नसेल, तेव्हा दोन-तीन पदरी घट्ट कापड उघड्या तोंडापेक्षा निश्चितच बरे.

प्रत्येक महिला मंडळाने मापांचे कागदी नमुने जपून ठेवावेत आणि शिवणवर्गातील मुलींना एकदा तरी ही पट्टी शिवायला शिकवावे. तिच्या मर्यादाही त्याच वेळी सांगाव्यात. पुन्हा कधी बाजार रिकामा झालाच, तर डॉक्टर-परिचारिकांच्या वाट्याची पट्टी आपल्यामुळे कमी पडू नये, एवढी सिद्धता प्रत्येक घरात असली पाहिजे.