कॅमेरा वाजला तर उठणार कोण?

आम्ही नोएडात राहतो. घराला कॅमेरे तीन: फाटक, जिना, बैठक. डिसेंबरात इकडे दाट धुकं उतरतं. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रकाश त्या धुक्यावर आपटून परत येतो आणि कुणी नसतानाही सूचना वाजते. त्यात गल्लीतली कुत्री! वैतागून मी आवाज बंद केला. बायकोनं केला, दोन्ही मुलांनीही केला. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याचा चालू असेल. एका पहाटे फाटकातून स्कूटर चोरीला गेली. सूचना चारही मोबाइलवर आली होती. उठलं कुणीच नाही.

मग सेटिंग बदलल्या. फाटकाचा कॅमेरा आता फक्त माणूस दिसला तरच कळवतो. समोरचा रस्ता त्याच्या चौकटीतून वगळला. आम्ही घरी असताना बैठकीच्या सूचना बंद. रात्रीची पाळी ठरवली. ज्याची पाळी, त्याच्या मोबाइलवर ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून या ॲपला सूट.

आणखी एक गोष्ट. आम्ही सगळे एकाच पासवर्डनं ॲप वापरत होतो. जोडलेल्या मोबाइलची यादी उघडली, तर वरच्या मजल्यावरून सोडून गेलेल्या भाडेकरूंचा मोबाइल अजून त्यात! पार्सलसाठी पासवर्ड मीच दिला होता. म्हणजे आमची बैठक त्यांना दिसू शकत होती. जुने मोबाइल काढले, पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी लावली. आता खातं एकाच्या नावावर; बाकीच्यांना स्वतंत्र आमंत्रण. कुणी घर सोडलं, की त्याच दिवशी नाव काढायचं.

तुम्हीही आज जेवताना घरी विचारा: रात्री कॅमेरा वाजला तर उठणार कोण? उत्तरात एकच नाव यायला हवं.